मूलभूत हक्क प्रत्यक्ष वापरायचा कसा? पहिल्यांदाच या वाटेला लागलेल्यांसाठी

आपल्या राज्यघटनेचा तिसरा भाग, म्हणजे अनुच्छेद १२ ते ३५, शाळेत सहा हक्कांची यादी म्हणून पाठ होतो आणि बहुतेकांच्या बाबतीत तिथेच राहतो. मग कधीतरी मोर्चाला परवानगी नाकारली जाते, घरातल्या माणसाला पोलीस रात्री घेऊन जातात, किंवा कार्यालयात अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतो. अन्याय झाला हे लख्ख दिसत असतं, पण पहिलं पाऊल कुठे टाकायचं ते कळत नाही. हक्क खरा असूनही माणूस हरतो, कारण हातात कागद नसतो, वेळ निघून गेलेली असते किंवा दारच चुकलेलं असतं. हा लेख या तीन गोष्टींसाठी आहे.

बोलताना आपण सगळे ‘कलम २१’ म्हणतो. अधिकृत मराठी पाठात शब्द ‘अनुच्छेद’ असा आहे. दोन्ही चालतं, पण अर्जात ‘अनुच्छेद’ लिहा, म्हणजे साध्या कायद्यातल्या कलमांशी गल्लत होत नाही.

सुरुवात मजकुरापासून

घटनेची अलीकडची आवृत्ती हाताशी ठेवा. जुनी प्रत चालणार नाही. मालमत्तेचा हक्क हे त्याचं ठळक उदाहरण. जमीन संपादनाच्या भांडणात आजही लोक ‘माझा मूलभूत हक्क’ असं लिहितात. ४४व्या घटनादुरुस्तीने (१९७८) तो हक्क तिसऱ्या भागातून काढला आणि अनुच्छेद ३०० अ मध्ये ठेवला. तो घटनात्मक हक्क म्हणून आजही आहे, उच्च न्यायालयात त्यावर दादही मागता येते, पण अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालय गाठता येत नाही. उलट सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क (२१ अ) ८६व्या दुरुस्तीने (२००२) आत आला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला.

अनुच्छेद वाचताना पहिल्या ओळीवर थांबू नका. अनुच्छेद १९(१) मध्ये बोलण्याचं, शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचं, संघटना काढण्याचं, देशभर फिरण्याचं, राहण्याचं आणि व्यवसाय करण्याचं स्वातंत्र्य दिलंय. त्याच्या खाली १९(२) ते १९(६) आहेत, आणि तुमचं प्रकरण बहुतेक वेळा तिथेच जिंकलं किंवा हरलं जातं.

हक्क कोणाचा आणि कोणाविरुद्ध

अनुच्छेद १५, १६ आणि १९ फक्त नागरिकांना आहेत. १४, २०, २१, २२ आणि २५ ‘कोणत्याही व्यक्तीला’ आहेत, म्हणजे परदेशी माणसालासुद्धा. नोंदणीकृत संस्था किंवा कंपनी नागरिक ठरत नाही. त्यामुळे अनुच्छेद १९ वर उभी असलेली याचिका एकट्या संस्थेच्या नावाने कधीच करू नका. सोबत एखादा सदस्य किंवा संचालक याचिकाकर्ता म्हणून घ्या. ही दोन मिनिटांची काळजी न घेतल्यामुळे पहिल्याच तारखेला अडचण होते.

मूलभूत हक्क मुख्यतः ‘राज्या’विरुद्ध चालतात. अनुच्छेद १२ मधल्या राज्यात केंद्र व राज्य सरकार, संसद आणि विधिमंडळ येतातच. शिवाय महानगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, सरकारी विद्यापीठं, एसटी महामंडळासारखी वैधानिक महामंडळंही येतात. खासगी कंपनी येत नाही. गृहनिर्माण सोसायटी साधारणपणे येत नाही. तिथे उपनिबंधक किंवा सहकार न्यायालय ही वाट आहे.

याला काही ठाम अपवाद आहेत आणि ते प्रत्येकाला माहीत असायला हवेत. अस्पृश्यता (१७), वेठबिगारी आणि माणसांचा व्यापार (२३), चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात, खाणीत किंवा धोक्याच्या कामाला लावणं (२४), आणि दुकान, हॉटेल, विहीर, तलाव, सार्वजनिक वापराचा रस्ता इथे जात, धर्म, लिंग अशा कारणावरून अडवणं (१५(२)) या गोष्टी खासगी माणसालाही बंद आहेत. अशा वेळी आधी पोलीस ठाण्यात एफआयआर. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी प्रकरणात (२०१३) घटनापीठाने सांगितलंय. ‘आधी चौकशी करू’ हे उत्तर ठरावीक प्रकारच्या प्रकरणांपुरतंच चालतं.

मर्यादा कुठल्या कारणाने घातली?

अनुच्छेद १९(२) मध्ये बोलण्यावर बंधन घालायची कारणं मोजकी आहेत: देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. यादी इथे संपते. ‘काही लोकांना आवडणार नाही’ किंवा ‘शासनाची प्रतिमा मलीन होते’ ही कारणं त्यात नाहीत. आदेश हातात आला की पेन्सिल घ्या आणि त्यातलं कारण या यादीतल्या कुठल्या शब्दावर बसतं ते तपासा.

सगळ्यात जास्त वापरलं जाणारं कारण म्हणजे ‘कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होईल’. इथे नीट बघा. घटनेतला शब्द ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ आहे. राम मनोहर लोहिया प्रकरणात (१९६५) सर्वोच्च न्यायालयाने एकात एक तीन वर्तुळं सांगितली: बाहेरचं मोठं वर्तुळ कायदा व सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, आणि सर्वांत आत राज्याच्या सुरक्षिततेचं. दोन माणसांची मारामारी बाहेरच्या वर्तुळात राहते. तिने गावाचं जगणं विस्कळीत होईल तेव्हाच ती आतल्या वर्तुळात येते. स्थानबद्धतेच्या (म्हणजे खटल्याविना कोठडीत ठेवण्याच्या) कितीतरी आदेशांची तपासणी या एकाच फरकावर होते.

बंधन ‘वाजवी’ही हवं. मोर्चाचा मार्ग बदलायला सांगणं, वेळ ठरवून देणं, स्पीकरची मर्यादा घालणं हे नियमन झालं आणि ते सहसा टिकतं. कुठल्याच रस्त्यावर, कुठल्याच दिवशी नाही, असं म्हणणं ही बंदी झाली. हिंमतलाल शाह प्रकरणात (१९७२) सार्वजनिक रस्त्यावरच्या सभेबाबत न्यायालयाने हाच भेद केला आणि अधिकाऱ्याच्या मर्जीवर सगळं सोडणारा नियम रद्द केला. म्हणून अर्जातच पर्याय द्या: दोन मार्ग, दोन वेळा, अंदाजे संख्या, स्वयंसेवकांची नावं. पर्याय दिलेला अर्ज सरसकट नाकारणं अवघड जातं.

जमावबंदीचा आदेश दाखवला तर तो कशाखाली काढलाय ते विचारा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ (जुनं १४४) असेल तर तो दोन महिन्यांपलीकडे चालत नाही. राज्य सरकार तो आणखी जास्तीत जास्त सहा महिने वाढवू शकतं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३) खालचा असेल तर शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवस. तारीख उलटून गेलेला आदेश दाखवला जातोय का, हे आधी बघा.

तोंडी नकार लेखी करून घ्या

सगळ्यात कष्टाचं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम हे. ‘साहेब नाही म्हणाले’ यावर न्यायालय काही करू शकत नाही. रद्द करायला आदेश लागतो.

अर्ज दोन प्रतींत करा. एक द्या, दुसरीवर आवक विभागाचा शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. पोहोच द्यायला नकार दिला तर तिथे वाद घालत बसू नका. त्याच दिवशी स्पीड पोस्टने आणि कार्यालयाच्या अधिकृत ईमेलवर तोच अर्ज पाठवा. पावतीचा फोटो काढून ठेवा, कारण तिची शाई काही महिन्यांत उडते. तोंडी नकार मिळाल्यावर लगेच दुसरं छोटं पत्र द्यायचं, साधारण असं:

‘दि. … रोजीच्या अर्जाबाबत (आवक क्र. …) आज सकाळी ११ वाजता आपल्या कार्यालयात विचारणा केली असता परवानगी देता येणार नाही असे तोंडी सांगण्यात आले. कृपया नकार व त्याची कारणे लेखी द्यावीत. कार्यक्रम दि. … रोजी असल्याने दि. … पर्यंत उत्तर न मिळाल्यास परवानगी नाकारल्याचे समजून आम्ही योग्य त्या न्यायालयात दाद मागू.’

एवढंच. राग, विशेषणं, धमकी नको. हे पत्र नंतर याचिकेला जोडलं जातं आणि न्यायमूर्ती ते वाचतात.

लेखी कारणांचा आग्रह का, तर मोहिंदरसिंग गिल प्रकरणापासून (१९७८) नियम असा आहे की आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच उभा राहिला पाहिजे. नंतर प्रतिज्ञापत्रात नवी कारणं जोडून तो सावरता येत नाही. कारण नसलेला किंवा मोघम कारणाचा आदेश म्हणजे तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा. त्यात दुरुस्ती करून मागू नका, आहे तसा जपा.

उत्तरच येत नसेल तर माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे दीडशे शब्दांत. ‘का’ विचारू नका. ‘अर्ज क्र. … वरील टिपणीची व अभिप्रायांची प्रत’ मागा. मुदत तीस दिवस; जीवित किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास, आणि तसं अर्जात वर ठळक लिहावं लागतं.

कोणी ‘आमची हरकत नाही’ असं लिहून घेतलं असेल तर घाबरू नका. मूलभूत हक्क सोडून देता येत नाही, हे बशेशर नाथ प्रकरणापासून (१९५९) ठरलेलं आहे. तरीही कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नये.

अटक: पहिले चोवीस तास

इथे उशीर तासांत मोजला जातो, म्हणून हा भाग घरातल्या प्रत्येकाने एकदा तरी वाचून ठेवावा.

अनुच्छेद २२ तीन गोष्टी देतो: अटकेची कारणं सांगणं, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला, आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणं. वेळ माणूस प्रत्यक्ष ताब्यात आला तेव्हापासूनची धरली पाहिजे, पण कागदावर ‘अटक’ पुष्कळदा बऱ्याच उशिराची दाखवलेली असते. म्हणून घरच्यांनी लगेच लिहून ठेवायचं: किती वाजता नेलं, कुठून, कोणत्या गाडीतून (क्रमांक), गणवेशावर नाव होतं का, शेजारी कोण होतं. त्याच तासात पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांच्या ईमेलवर दोन ओळी पाठवा. त्या ईमेलची वेळ पुढे फार कामाला येते.

अटकेचा मेमो हा मुख्य कागद. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ प्रमाणे त्यावर किमान एका साक्षीदाराची सही हवी, कुटुंबातल्या माणसाची किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची, आणि अटक झालेल्याची प्रतिस्वाक्षरीही. सही करताना वेळेचा रकाना बघा. चुकीची वेळ लिहिली असेल तर सहीखाली स्वतःच्या हाताने ‘मला काल रात्री ९ वाजता ताब्यात घेतले’ असं लिहा. असं लिहायला कायद्याने कोणतीही आडकाठी नाही.

कारणं लेखी हवीत. पंकज बन्सल (२०२३) आणि प्रबीर पुरकायस्थ (२०२४) या निकालांनी विशेष कायद्यांपुरतं जे सांगितलं, ते मिहीर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र शासन या निकालाने (नोव्हेंबर २०२५) सर्व गुन्ह्यांना लावलं: कारणं लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत. तातडीच्या प्रसंगी आधी तोंडी सांगता येतात, पण लेखी प्रत रिमांडसाठी (कोठडी मागण्यासाठी) हजर करण्याच्या किमान दोन तास आधी मिळाली पाहिजे. गुन्ह्याचं कलम लिहिलेला कागद म्हणजे कारणं नव्हेत. ‘बीएनएस (भारतीय न्याय संहिता) कलम अमुक’ एवढंच असेल तर वकिलाने ते रिमांडच्या वेळीच दंडाधिकाऱ्यांच्या नजरेस आणून नोंद करून घ्यावं.

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. ती का आवश्यक आहे हे पोलिसांनी लिहून ठेवावं लागतं. नाहीतर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. अर्नेश कुमार निकाल (२०१४) याच विषयावरचा. नोटीस आली तर जरूर जा. न गेल्यास तेच अटकेचं कारण होतं. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि माणूस साठीपुढचा किंवा दुर्बल असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते. महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अपवादात्मक परिस्थिती सोडून अटक करता येत नाही, आणि त्या अपवादालाही महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते.

दंडाधिकाऱ्यासमोर उभं केल्यावर ‘काही तक्रार आहे का?’ असं विचारलं जातं. बहुतेक जण भीतीने ‘नाही’ म्हणतात, आणि पुढे मारहाण सिद्ध करणं अतिशय कठीण होतं. मार बसला असेल तर तिथेच सांगा, व्रण दाखवा, वैद्यकीय तपासणी मागा. वकिलाने त्याच दिवशी ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज द्यावा. परमवीरसिंग सैनी प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावून चित्रण अठरा महिने ठेवायला सांगितलंय. तरीही अर्जाला उशीर झाला की चित्रण हाती लागेलच असं नाही.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. कोठडीतली व्यक्ती, महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीतली आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१००.

प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत, उदाहरणार्थ एमपीडीए या महाराष्ट्राच्या स्थानबद्धता कायद्याखाली, वरचे नियम बदलतात: २४ तासांचा आणि वकिलाचा हक्क तिथे लागू नाही. पण अनुच्छेद २२(५) प्रमाणे कारणं कळवावीच लागतात आणि लवकरात लवकर निवेदन करायची संधी द्यावी लागते. आलेला कागदांचा गठ्ठा पानोपान तपासा: कोणती पानं वाचता येत नाहीत, कोणती माणसाला समजणाऱ्या भाषेत नाहीत, निवेदन कोणत्या तारखेला दिलं आणि उत्तर किती दिवसांनी आलं. स्थानबद्धतेचे आदेश याच गोष्टींवर रद्द होताना दिसतात.

कोणतं दार

थेट दिल्ली गाठायची घाई नको. अनुच्छेद ३२ हा स्वतःच मूलभूत हक्क आहे, तरी सर्वोच्च न्यायालय बऱ्याचदा ‘आधी उच्च न्यायालयात जा’ असं सांगतं. उच्च न्यायालयाला अधिकार देणाऱ्या अनुच्छेद २२६ ची कक्षाही मोठी आहे: तिथे मूलभूत हक्कांखेरीज इतर कायदेशीर हक्कांसाठीही जाता येतं.

मुंबई उच्च न्यायालयात कोणत्या पीठाकडे जायचं हे जिल्ह्यावर ठरतं. विदर्भ नागपूरकडे. मराठवाडा, तसेच जळगाव, धुळे, नंदुरबार आणि अहिल्यानगर छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाकडे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग यांच्यासाठी कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालंय. राज्य सरकारी कर्मचाऱ्याचा बदली-बढतीचा वाद असेल तर आधी मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. चंद्रकुमार निकालानंतर (१९९७) उच्च न्यायालय त्याच्या पुढची पायरी आहे.

रिट म्हणजे अशा याचिकेवर न्यायालय काढतं तो हुकूम. त्याचे पाच प्रकार आहेत, पण नवख्या माणसाला तीनच लक्षात ठेवायची गरज पडते. बेकायदा कोठडीतून सोडवायला देहोपस्थिती, म्हणजे हेबियस कॉर्पस; ती आई, मित्र, कोणीही करू शकतं. अधिकाऱ्याला कर्तव्य करायला लावायला महादेश. चुकीचा आदेश रद्द करायला प्राकर्षण. प्रतिषेध आणि क्वाधिकार क्वचित लागतात.

याचिकेत तारीखवार घटनाक्रम सर्वांत आधी तयार करा. बाकीचा मसुदा त्यावर उभा राहतो. उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं, त्यामुळे मराठी कागदांची भाषांतरं लागतात. त्यात दोन-चार दिवस सहज जातात, ते आधीच धरा. तातडी असेल तर वकील प्रकरण मेन्शन करून, म्हणजे न्यायालयापुढे तोंडी मांडून, जवळची तारीख मागतात. मोर्चा रविवारी आणि याचिका शनिवारी, असं झालं तर फारसं काही हाती लागत नाही.

फेटाळली जाण्याची नेहमीची कारणं सांगतो. उशीर: रिटला ठरावीक मुदत नाही, म्हणून लोक निवांत राहतात, आणि न्यायालय विनाकारण झालेल्या विलंबावरच प्रकरण संपवतं. दुसरा उपाय उपलब्ध असणं: कायद्यात अपील असेल तर आधी तिकडे पाठवतात, पण मूलभूत हक्काचा भंग, सुनावणीच न देणं, अधिकारच नसताना दिलेला आदेश किंवा कायद्याच्या वैधतेलाच आव्हान असेल तर ही आडकाठी येत नाही (व्हर्लपूल निकाल, १९९८). हे अपवाद याचिकेत स्पष्ट मांडावे लागतात. तिसरं कारण वादग्रस्त वस्तुस्थिती: कोणी कोणाला काय म्हटलं याची साक्षीपुराव्याने छाननी रिटमध्ये सहसा होत नाही. आणि चौथं, जे पूर्णपणे आपल्या हातात असतं, ते म्हणजे लपवाछपवी. आधीचा फेटाळलेला अर्ज, आपल्यावरचा गुन्हा, आपल्याला गैरसोयीचं पत्र, सगळं स्वतःहून सांगा. सरकारी वकिलाने ते दाखवलं की चांगली बाजूही पडते.

न्यायालयाखेरीज मानवी हक्क आयोग आहे. शुल्क नाही, पत्रही चालतं, पण घटनेपासून एक वर्षाच्या आत. आयोग शिफारस करतो, आदेश रद्द करत नाही, त्यामुळे तातडीच्या कामाला तो पुरत नाही.

आदेश मिळाल्यानंतर

निकाल लागला म्हणजे अधिकाऱ्यापर्यंत तो आपोआप पोहोचला असं समजू नका. प्रमाणित प्रतीसाठी त्याच दिवशी अर्ज करा आणि तोवर संकेतस्थळावरची प्रत काढून घ्या. संबंधित अधिकाऱ्याला आदेशाची प्रत छोट्या पत्रासोबत द्या, पुन्हा पोहोच घेऊन. आदेशात मुदत असेल तर ती कोणत्या तारखेपासून मोजायची ते पत्रात लिहा. ‘आदेश मिळाल्यापासून चार आठवडे’ असं असेल तर पोहोचेवरची तारीख म्हणजेच घड्याळाची सुरुवात. मुदत संपूनही काही झालं नाही तर एक स्मरणपत्र, आणि मग अवमान याचिका. तिला अवमान झाल्यापासून एक वर्षाची मर्यादा आहे. पोहोचेचा तो कागद तोवर नीट जपून ठेवा, कारण अधिकाऱ्याला आदेश माहीत होता हे त्याच्याशिवाय सिद्ध होत नाही.